हाई लाकूड जयेल शे

२०२५ च्या जानेवारीत आम्ही गावचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर पाडलं. पाडलं म्हणजे तसं ते स्वतःच पडत होतं, पश्चिमेची भिंत पोट काढून उभी होती आणि मागच्या दोन पावसाळ्यांत वरची खारी माती कड्यांच्या फटीतून थेट देवघरात गळायला लागली होती, तेव्हा कुठे नाना एकदाचे हो म्हणाले. माती ट्रॉलीने गेली, लाकूड बघायला जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला. त्याने कड्या मोजल्या, खांब नखाने खरवडून पाहिले, आणि मधली तुळई बघून तर त्याचा चेहराच उजळला, अख्खी सागाची, अठरा फुटी, एक कीड नाही. घनफुटाचा भाव ठरला, चहा झाला. मग टेम्पोत मावेना म्हणून त्याच्या पोराने कटर चालवून तिचा एक तुकडा पाडला, आणि कापलेल्या तोंडाकडे बघून तो व्यापारी म्हणाला, "भो, हाई लाकूड जयेल शे. याना एवढा भाव नही भेटाव."

आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. लाकडाच्या आत, वरून कुठेही दिसत नव्हतं अशा जागी, नखाएवढ्या बारीक दोन काळ्या चंद्रकोरी होत्या. एक गाभ्याच्या जवळ, दुसरी थोडी बाहेर, दोन्ही एकाच बाजूला. नाना भडकलेच, म्हणाले आमच्या घराला जन्मात कधी आग लागली नाही, विचार गावात कोणालाही. तो शांतपणे म्हणाला, घर नाही हो काका, "झाड व्हतं तवय जयनं व्हई." मग त्याने तो दोन फुटांचा तुकडा आमच्याच ओट्यावर ठेवला, हिशेबातून तेवढे पैसे वजा केले आणि टेम्पो गेला. नाना आठ दिवस त्या वजा झालेल्या पैशांवर बोलत होते. मी मात्र त्या एका वाक्यावर अडकलो. झाड होतं तेव्हा जळलं. म्हणजे कधी?

आमचं गाव चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आहे, त्यामुळे वणवा ही काही मला बातमी नाही. लहानपणी गच्चीवर झोपायचो तेव्हा मार्चच्या रात्री उत्तरेला डोंगरावर लाल रेघ दिसायची, वाकडीतिकडी, कोणीतरी अंधारात कोळशाने नाही तर निखाऱ्याने रेघ ओढल्यासारखी, आणि ती इतकी हळू सरकायची की टक लावून बघितलं तर हलतच नाही असं वाटायचं, पण एक डुलकी काढून उठलं की रेघ दुसऱ्या टेकडीवर गेलेली असायची. आम्हाला ती सुंदर वाटायची, खोटं कशाला बोलू. आजी म्हणायची डोंगराने माळ घातली. सकाळी मात्र आई वैतागलेली असायची, कारण गच्चीवर खाटेवर बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत घातलेले आणि त्या पांढऱ्याशुभ्र बिबड्यांवर जळक्या पानांचे काळे पापुद्रे येऊन पडलेले. फुंकर मारली तर उडायचे नाहीत, चिकटायचे. बोट लावलं की भुगा होऊन अजून पसरायचे. त्या वर्षीचे बिबडे तळले की त्यावर तीळ टाकलेत की काय असं वाटायचं, आणि पाहुणे विचारायचेसुद्धा.

तर तो दोन फुटी तुकडा ओट्यावर पडून होता. मी त्याची सॉ मिलमधून चार बोटं जाडीची एक चकती कापून आणली, बाकीचा तुकडा होळीच्या आदल्या रात्री गल्लीतल्या पोरांनी पळवला. रीतच आहे, काही बोलता येत नाही. मीही त्या वयात एकाच्या अंगणातलं वखराचं जू पळवलं होतं.

चकतीवर वर्तुळं मोजायला बसलो तेव्हा कळलं की हे वाटतं तितकं सोपं नाही, पण अशक्यही नाही. आपल्या उष्ण पट्ट्यातल्या बऱ्याच झाडांना धड वर्तुळंच नसतात, साग त्याला अपवाद. पाऊस पडला की वाढ सुरू होते, तेव्हा लाकडात मोठमोठी छिद्रं एका ओळीत तयार होतात, मग हिवाळ्याकडे वाढ मंदावते, पानं गळतात आणि झाड झोपतं. पुढच्या पावसाला परत छिद्रांची नवी ओळ. भिंगातून बघितलं तर सुईने टोचून काढलेल्या नक्षीसारखं दिसतं. आणि माझ्या चकतीवरच्या दोन्ही काळ्या कोरी बरोबर या ओळीच्या आधी होत्या, दोन वर्षांच्या सीमेवर. म्हणजे झाड झोपलेलं असताना आग आली होती. फेब्रुवारी ते मे. आपलाच वणव्याचा सीझन, तेव्हाही तोच.

ही कोर बनते कशी तेही मजेशीर आहे, मजेशीर हा शब्द झाडाला आवडणार नाही. डोंगरउतारावर पाचोळा घरंगळत येऊन बुंध्याच्या वरच्या अंगाला साठतो. आग येते तेव्हा तिथेच ती जास्त वेळ धुमसते आणि सालीखालचा जिवंत थर तेवढ्या भागात मरतो. झाड मरत नाही. पुढच्या पावसाळ्यापासून ते दोन्ही बाजूंनी जखमेवर लाकूड चढवत जातं, ओठ मिटावेत तसं, आणि काही वर्षांनी बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून तर आमच्या पणजोबांनी ती तुळई खणखणीत समजून विकत घेतली असणार.

अमेरिकेत या जळक्या खुणांवर लोकांनी अख्खी आयुष्यं घातलीत. ॲरिझोनात टूसॉनला झाडांच्या वर्तुळांचीच एक प्रयोगशाळा आहे, १९३७ साली ती काढली डग्लस नावाच्या माणसाने, आणि तो मुळात खगोलशास्त्रज्ञ, सूर्यावरच्या डागांचं चक्र झाडात सापडतंय का ते शोधत होता. त्याच प्रयोगशाळेच्या परंपरेतल्या स्वेटनम आणि बेटनकोर्ट या दोघांनी १९९० साली दाखवलं की ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या पाइन जंगलातल्या वणव्यांची तार थेट प्रशांत महासागराशी जुळते. एल निनोच्या वर्षी, म्हणजे त्या महासागराचं पाणी गरम होतं तेव्हा, तिकडे हिवाळा ओला जातो, वणवे कमी. ला निनाच्या, म्हणजे पाणी थंड पडतं त्या वर्षी कोरडा, वणवे जास्त. इतपत ठीक आहे. पण गंमत पुढे आहे. सगळ्यात मोठे वणवे नुसत्या कोरड्या वर्षी लागत नव्हते, आधी एकदोन ओली वर्षं आणि मग कोरडं वर्ष आलं की लागायचे. १७४८ हे त्यातलं गाजलेलं वर्ष, कितीतरी वेगवेगळ्या डोंगरांवरच्या झाडांत त्या एकाच वर्षाची जळकी खूण सापडते, आणि त्याच्या आधीचं १७४७ चांगलं ओलं. ओल्या वर्षात गवत माजतं, कोरड्या वर्षात ते वाळतं. बास.

हे वाचलं आणि मला जिभाऊ आठवले.

जिभाऊ आमच्या गल्लीतले, आता सत्तरीच्या पुढे, पण तरुणपणी वनखात्यात रोजंदारीवर होते. जानेवारीत जाळरेषा काढायच्या, म्हणजे खात्यानेच गवताचे पट्टे आधी जाळून ठेवायचे, पुढे आग आली तर तिला खायला तिथे काही उरू नये, आणि मग उन्हाळाभर कुठे धूर दिसला की हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपायला पळायचं. त्यांच्या डाव्या पोटरीवर अजून एक चकचकीत डाग आहे, तिथे केस येत नाहीत. २०२४ च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याशी पारावर हुज्जत घातली होती. आदल्या वर्षी एल निनो होता, २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला होता, आमच्या कपाशीने माना टाकलेल्या मी बघितल्या होत्या. तेव्हा मी मोबाईलवर कुठे कुठे वाचून मोठ्या ऐटीत सांगितलं की जिभाऊ, यंदा सातपुडा पेटणार बघा, एल निनो आहे. त्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "औंदा काय जयी? गवतच नही. पुढला साल देखजो."

मला राग आला होता. आपण सॅटेलाइटच्या गोष्टी कराव्यात आणि माणसाने गवताच्या.

मग २०२४ चा पावसाळा देशात सरासरीच्या १०८ टक्के झाला, आमच्याकडे नाले सप्टेंबरपर्यंत खळाळत होते, डोंगरावर पवन्या न् कुसळी गवत कमरेपर्यंत उभं. आणि २०२५ च्या मार्चमध्ये मी गच्चीवर उभा होतो तेव्हा रेघ एक नव्हती, तीन होत्या. आईचे बिबडे तिने आत घेतले. एका मार्चवरून सिद्धांत मांडू नये हे मलाही कळतं, आणि जिभाऊंनी १७४८ कधी ऐकलेलं नाही हेही उघड आहे. पण ज्या गोष्टीसाठी टूसॉनच्या लोकांनी शेकडो ओंडके घासून भिंगाखाली धरले ती गोष्ट हा माणूस पोटरी भाजून घेऊन शिकला होता, आणि मी त्याच्याशी हुज्जत घालत होतो.

अर्थात एल निनोचा आणि आपला संबंध जुना आहे, आपण तो नंतर शिकलो एवढंच. आजीची आई छप्पन्याच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायची म्हणे, १८९९ चा तो दुष्काळ, विक्रम संवत १९५६ म्हणून छप्पन्या. तो आणि त्याआधीचा १८७७ चा, दोन्ही एल निनोची वर्षं, पण तेव्हा कुणाला माहीत. त्या दुष्काळांनंतर पावसाचा अंदाज बांधणं ही सरकारची गरज झाली, आणि १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख होऊन आलेला गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती आकडे जुळवत बसला. त्याला दिसलं की प्रशांत महासागराच्या एका टोकाला हवेचा दाब वाढला की दुसऱ्या टोकाला कमी होतो, तराजूसारखं. १९२४ मध्ये त्याने त्याला सदर्न ऑसिलेशन हे नाव दिलं. आणि या दाबाच्या तराजूचं पेरूच्या कोळ्यांना माहीत असलेल्या गरम पाण्याशी नातं आहे हे स्पष्ट व्हायला १९६० चं दशक संपत आलं. मला यात कुठेतरी बरंही वाटतं आणि वाईटही. आपल्या माणसांच्या उपासमारीतून निघालेलं गणित आज ॲरिझोनातला वणवा समजून घ्यायला वापरतात.

पण हे गणित प्रत्येक डोंगरावर वेगळं उत्तर देतं, आणि इथे बरेच लोक, माझ्यासकट, घसरतात. एल निनो म्हणजे प्रशांत महासागरातलं गरम पाणी पूर्वेकडे सरकतं आणि पाऊसही त्याच्या मागे जातो, त्यामुळे इंडोनेशिया कोरडा पडतो, तिथे त्याच वर्षी आग लागते. १९९७ ला तिथली जंगलं न् दलदलीखालची पीट माती महिनोन् महिने धुमसली, शेजारच्या देशांत धुराने सूर्य दिसेना. २०१५ ला परत तेच, सुमारे २६ लाख हेक्टर जळालं. म्हणजे तिकडे वाट पाहावी लागत नाही. ॲरिझोनात उलटं आणि उशिरा. आणि आपण? १९९७ चा एल निनो शतकातला एक मोठा, पण त्या वर्षी भारतात पाऊस जवळपास सरासरीइतका झाला, कारण आपल्या हिंदी महासागराचं वेगळंच काहीतरी चालू होतं, पश्चिमेकडचं पाणी गरम आणि सुमात्राकडचं थंड. या प्रकाराला नाव मिळालं १९९९ मध्ये, हिंदी महासागराचा डायपोल. २०१९ ला तोच इतका जोरात होता की आपल्याकडे पाऊस थांबता थांबेना आणि ऑस्ट्रेलियात जंगलं जळत होती. इथे विहिरी काठोकाठ म्हणून आम्ही खुश होतो आणि तिकडे होरपळलेल्या कोआलाचे फोटो व्हॉट्सॲपवर बघून हळहळत होतो, दोन्हीच्या मागे बऱ्याच अंशी एकच समुद्र आहे हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

सातपुड्याचं तर अजून गुंतागुंतीचं. जिभाऊंचं गवताचं गणित खरं, पण आपल्याकडे गवताइतकाच पाचोळा जळतो, आणि सागाची पानं दरवर्षी गळतात, पाऊस कसाही होवो. सुपाएवढी पानं, वाळली की पापडासारखी वाजतात, त्यावरून ससा गेला तरी माणूस चालल्यासारखं वाटतं. पाऊस कमी झालेल्या वर्षी गवत थोडं, पण झरे लवकर आटतात, ओल राहत नाही, आग लागली की नाल्यातही शिरते, एरवी ती नाल्याला अडते. मग कोणतं वर्ष वाईट म्हणायचं? मी जिभाऊंना हे विचारलं तर ते म्हणाले दोन्ही, आणि हसले.

शिवाय आग समुद्र लावत नाही. काडी माणूसच लावतो. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायचा, फुलं काळ्या स्वच्छ जमिनीवर पिवळीधम्म दिसतात, मी स्वतः वेचलीत, हाताला तो गोडसर आंबूस वास दिवसभर राहतो. टेंभुर्णीला कोवळा पाला फुटावा म्हणून पेटवायचं. बिडी टाकून जायचं. आणि आपण खाली पायथ्याला शेतवाले काही सोवळे नाही, नाना दरवर्षी मार्चमध्ये बांध पेटवतात, एकदा वारा फिरला आणि शेजाऱ्याच्या केळीच्या बागेच्या कडेच्या दोन ओळींची पानं करपली, भरपाई दिली, बोलणं वर्षभर बंद होतं. म्हणून वर डोंगरावरच्या पावरा बाईला मोहाखाली काडी लावल्याबद्दल शहरातले लोक नावं ठेवतात तेव्हा मला त्या करपलेल्या केळी आठवतात आणि मी गप्प बसतो. काडी दरवर्षी पडते. ती कधी विझते आणि कधी तीन टेकड्या खाते, एवढंच मला वाटतं त्या समुद्राच्या हातात आहे.

अमेरिकेतल्या त्या ओंडक्यांची अजून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शतकानुशतकं दर पाचदहा वर्षांनी पडणाऱ्या जळक्या खुणा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अचानक थांबतात. हवामान बदललं नव्हतं. १८८० च्या सुमारास रेल्वे पोचली, रेल्वेमागून मेंढ्या न् गुरं आली आणि त्यांनी गवत खाऊन टाकलं. पुढे सरकारने प्रत्येक आग विझवायचं धोरण धरलं. समुद्र आपलं वरखाली करतच राहिला पण झाडांनी लिहायचं सोडलं, आणि तोवर खाली इंधन साठत गेलं, त्याची परतफेड आत्ता चालू आहे. नाना हे ऐकून म्हणाले, बाहत्तरला आपल्याकडे हेच झालं होतं. बाहत्तर म्हटलं की त्यांच्या तोंडी आधी लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी येते, पण त्या दिवशी म्हणाले की त्या उन्हाळ्यात खालच्या सगळ्या गावांची गुरं डोंगरात सोडली होती, डोंगर चाटून पुसून साफ, जळायला काडी नव्हती. १९७२ पण एल निनोचंच वर्ष. नानांना ते माहीत नव्हतं, सांगितल्यावर म्हणाले, असेल.

सातपुड्यातही विझवण्याचे प्रयोग फार पूर्वीचे. १८६० च्या दशकात कर्नल पियर्सन नावाच्या इंग्रजाने याच रांगेत पूर्वेकडे, मध्य प्रदेशातल्या बोरीच्या जंगलात, वणवाबंदी करून दाखवली होती. आग बंद म्हणजे साग जोमात असा हिशेब होता. मग ब्रह्मदेशात काही वर्षांनी त्यांच्याच लोकांना दिसायला लागलं की आग पूर्ण थांबवली की सागाची नवी रोपं वरच येत नाहीत, बांबू न् झुडपंच माजतात. माझ्या तुळईचा साग रोप असताना असल्याच कुठल्यातरी आगीतून वर आला असेल, आणि मग मोठेपणी त्याच आगीने त्याला दोनदा भाजलं.

पण कधी, हे मला अजून सांगता येत नाही आणि येणारही नाही. चकतीवर तारीख काढायची तर एकतर बाहेरचं शेवटचं वर्तुळ हवं, झाड तोडल्याचं साल हवं, नाहीतर त्याच भागातल्या दुसऱ्या भरपूर झाडांशी जाडबारीक वर्तुळांची लय जुळवून बघावी लागते. शेवटची वर्तुळं आमच्या सुताराने वाकसाने तासून तुळई चौकोनी केली तेव्हाच ढलप्यांत गेली, त्या ढलप्यांवर कोणाचा तरी चहा झाला असणार. तोडल्याचं साल नानांनाही माहीत नाही. आणि दुसरी लाकडं, ती रोज टेम्पोत जातायत. आमच्या गावात पाच वर्षांत वीसेक धाबी पडली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या लोकांनी दक्षिणेतल्या सागाच्या वर्तुळांची ५२३ वर्षांची नोंद तयार केलीय, एल निनोच्या वर्षांची बारीक वर्तुळंही त्यात दिसतात. सॅटेलाइटने वणवे मोजायला लागून जेमतेम पंचवीस वर्षं झाली. प्रशांत महासागराचा जो वीसतीस वर्षांचा मोठा झोका असतो, त्याचा एक फेराही त्यात धड बसत नाही. आमच्या सातपुड्याचा त्याच्या आधीचा हिशेब धाब्यांच्या तुळयांमध्ये होता आणि तो आम्ही घनफुटाने विकला, वर जळका निघाला म्हणून भाव कमी घेतला.

चकती सध्या माठावर झाकण म्हणून आहे. आईनेच ठेवली, म्हणाली एवढा चांगला साग नुसता कपाटात कशाला. दोन कोरींच्या मध्ये मी अकरा वर्तुळं मोजली होती, पुतणीने तेरा मोजली, तिचे डोळे चांगले आहेत पण घाईत असते. एप्रिलमध्ये एका दुपारी पाणी घ्यायला गेलो, माठाच्या ओलीने चकती खालून भिजून गडद झाली होती, ती उलटी केली तर ओल्या लाकडात छिद्रांच्या ओळी इतक्या लख्ख उठल्या होत्या की भिंग लागेना. आणि कडेला, अगदी वाकस लागली तिथे, एक तिसरी कोर होती. अर्धीच, बाकीची तासली गेलेली. जानेवारीपासून ती तिथे होती आणि आम्हा कोणाला दिसली नव्हती. मी तिथेच उकिडवा बसून बोट ठेवून मोजायला लागलो, सात, आठ, पुतणीला हाक मारली, ती म्हणाली काका थांबा मी मोजते, पुन्हा पहिल्यापासून.

आई मागे पेला घेऊन उभी होती. म्हणाली, "पाणी पिऊ देशीन का आम्हाले?"